मळी आणि चित्र्याचं डोकं

९ एप्रिल, मंगळवार

चारा छावणीत जाऊन आले. निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या गोठ्यात नाक खुपसायचं नाही असं ठरवलं होतं. पण सकाळीच तिथून सोजरबाईचा फोन. "बाई, माझा चित्र्या बैल खांबाला डोकं लावून हुबा ऱ्हायलाय. हाकललं तरी हलंना. कावून करतंय ते असं?"

छावणी नदीकाठी, साखर कारखान्याच्या चेअरमनची. दारात त्याचा हात जोडलेला फ्लेक्स. फ्लेक्सच्या सावलीत मेलेलं वासरू, वर पोतंसुद्धा नाही. जाणारा येणारा ओलांडून जातोय.

चित्र्याच्या डोळ्यासमोर झटकन बोट नेलं, पापणी हलली नाही. टॉर्च मारला तर बाहुली बारीक झाली. म्हणजे डोळा शाबूत, मेंदू आंधळा. दात करकरा खातो. त्याच ओळीत आणखी काही जनावरं तशीच, एक म्हैस मान आकाशाकडे ताणून पडलेली.

खायला काय, ते पाहिलं. कडबा नावाला. उसाचं पाचट आणि त्यावर कारखान्याची मळी, बॅरलमधून मोठ्या डावानं डोणीत ओतलेली. आंबूस गोड वास, डोणीवर माशांचा काळा थर. चपलेला चिकटली. घरी येऊन चप्पल दोनदा घासली, वास जात नाही.

आयुष्यभर जनावरांचे मेंदू कापले. वैरण कमी आणि मळी भरमसाट झाली की मेंदू आतून मरतो, हे वर्गात कितीदा शिकवलं असेल. इतकी जनावरं एका रांगेत बघायला मिळतील असं वाटलं नव्हतं. "मिळतील" काय शब्द आहे.

१० एप्रिल, बुधवार

जीवनसत्त्व बी-वनची इंजेक्शनं दिली. जी नुकती आजारी पडलीत त्यांना गुण यावा. चित्र्याला उशीर झालाय.

चेअरमन भेटला. पांढरे कपडे, नाकाला अत्तराचा रुमाल. स्वतःच्याच छावणीचा वास सहन होत नाही.

"मॅडम, ऊन लागलंय जनावरान्ला. तुमी तेवढं सांगून टाका. तुमच्या शब्दाला वजन हाय."

मी म्हटलं, ऊन लागलेलं जनावर धापा टाकतं, खांबाला डोकं लावत नाही. मळी बंद करा, कडबा आणा.

"कडबा कुटून आणू? दुष्काळात मळी फुकट देतो म्हणून नावं ठेवताव व्हय? पुरावा हाय का काही?"

पुरावा कवटीत असतो. ताज्या मेलेल्या जनावराची कवटी उघडावी लागते. इथे मेलेलं जनावर ट्रॅक्टरला बांधून नाल्यात फेकतात. नाल्याकडे जाऊन पाहिलं. कुत्री, किडे, फुगलेली पोटं. या उन्हात अर्ध्या दिवसात मेंदूचं पाणी होतं. तिथलं एकही डोकं उपयोगाचं नव्हतं.

११ एप्रिल, गुरुवार

पहाटे चित्र्या गेला. पाखऱ्या, त्याचा जोडीदार, चालताना झोकांड्या खातोय. सोजरबाईकडे आता तेवढंच एक जनावर.

डोकं मागितलं. तिचा दीर बळीराम आडवा आला. "घरच्या बैलाला माती देत असतेत, बाई. हळद-कुंकू लावून. डोकं फोडत न्हाईत." त्याचा राग मला समजला. बारा वर्षं राबलेल्या बैलाला लोक माणसासारखं पुरतात, ते चूक कसं म्हणू.

पण छावणीचा मुकादम मध्ये बोलला. "मॅडम, कशाला हात घाण करताव? तुमच्यातली दोघं बोलवा की. त्यान्ला सवय ऱ्हाती."

म्हटलं, "माझ्या बापानं ती सवय छप्पन साली सोडली. तुला अजून एकही सोडावीशी वाटली नाही का?"

हसला. तंबाखूची पिंक माझ्या पायाजवळच टाकली, चित्र्याच्या शेपटीवर.

सोजरबाई पदरानं चित्र्याच्या डोळ्यावरच्या माशा वारत होती. म्हणाली, "पाखऱ्या वाचंल का?"

"सांगता येत नाही. कारण सिद्ध झालं तर मळी थांबेल. मळी थांबली तर आशा."

"मग फोडा. पन मातीत जाताना त्याचं डोकं त्याच्या धडावर पायजे. शिंगासकट."

बळीराम म्हणाला, "वहिनी, येड लागलंय का तुला?"

"तू दे मग नवा बैल."

उठून गेला. पण लांब गेला नाही.

११, दुपारी

केलं. हातमोज्यांचे दोन थर, चष्मा, तोंडाला फडकं. पिसाळीची, म्हणजे रेबीजची, शंका असेपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लोखंड कापायच्या करवतीनं कवटीचं झाकण काढलं. माणसं गोल करून बघत होती, दोघे मोबाईलवर शूटिंग करत होते, एक जण शेंगदाणे खात. मेंदू सुजलेला, पिवळट. अर्धा फॉर्मलीनमध्ये, एक तुकडा पिसाळीच्या तपासणीला बर्फात (बर्फ रसवंतीवाल्याकडून, कशाला ते सांगितलं नाही), उरलेला बरणीत.

मग झाकण बसवलं, कातडी सुतळीनं शिवली, डोकं धडाला शिवलं. जाड टाके, पण सरळ. सोजरबाईनं शिवणीवर हळद भरली. बळीराम खड्डा खणत होता, माझ्याकडे न बघता.

१२ एप्रिल, शुक्रवार

काल लिहायचं राहिलं. असा मेंदू विशिष्ट निळ्या दिव्याखाली धरला तर मेलेला भाग चमकतो. कॉलेजात तो दिवा होता. इथे कुठून आणणार? मग आठवलं, पतसंस्थेत खोट्या नोटा ओळखायचा दिवा असतो, तोच.

बरणी पिशवीत घालून आज सकाळी गेले. फ्रिजमधून थेट. मॅनेजर जुना ओळखीचा. बरणी बघून पांढरा पडला.

"बाई, ह्याच्याखाली आमी नोटा धरतो."

"नोटा जास्त घाण असतात. शटर खाली ओढा."

बळीराम मागून आत आला. बोलावलं नव्हतं. म्हणाला, "आमच्या बैलाचं हाय, मी बघनार."

काचेच्या बशीत काप ठेवला. दिवा लावला. मेंदूच्या कडेकडेनं हिरवट पिवळा पट्टा उजळला, वळणावळणांतून जाणारा. माझ्या विद्यार्थ्यांना हाच पट्टा फोटोत दाखवायचे.

बळीराम कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. "ह्ये चमकतंय ते काय?"

"मेलेला मेंदू."

"आन् त्यो जित्ता असताना मेला व्हता?"

हो म्हटलं. बाकावर बसला. मॅनेजर बशी उचला बशी उचला करत होता.

बाहेर येताना बळीरामनं सांगितलं की सोजरबाई चित्र्याला पाखऱ्याच्या वाट्याची मळीही घालायची. म्हातारा झालाय, दात पडलेत, गोड आवडतं म्हणून. मळी वाटणाऱ्या डाववाल्याला रोज गळ घालायची. तिला हे कळलंय का, विचारलं. "कळलंय. काल रातच्याला जेवली न्हाई." मळीचा दोष आहे, एवढंच सांग म्हटलं.

नमुने दुपारच्या एसटीनं कॉलेजला पाठवले, जुन्या विद्यार्थ्याकडे.

१३ एप्रिल, शनिवार

रवी आला. माझा भाचा, शाळेत शिक्षक, उद्याच्या जयंती समितीचा सेक्रेटरी. त्याच्या मोबाईलवर माझंच शूटिंग. मी, करवत, शिंगं. खाली कुणीतरी लिहिलंय ते वाचवत नाही.

"मावशी, आजोबांनी जे खाली टाकलं ते तू पुन्हा उचललंस. सगळ्या गावासमोर."

"मी ते तीस वर्षं करतेय. डिग्री घेऊन, पगार घेऊन."

"कॉलेजात. इथे नाही. इथे तू डॉक्टर दिसत नाहीस त्यांना."

त्याचं खोटं नाही, हेच चिडवतं. वडिलांनी मेलेली जनावरं ओढायचा दोर टाकला तेव्हा उपाशी राहिले, पण टाकला. पण न कापता मला कळणार कसं? आणि मला कळलं नाही तर बोलणार कोण? ऊन लागलं म्हणणारा चेअरमन? रवी चहा न घेता गेला.

१४ एप्रिल, रविवार. जयंती.

चेअरमन हार घालायला आला. तेच अत्तर. माईक हातात घेतला. "आपल्या गावच्या लेकीनं आमच्या छावणीची सेवा केली. उन्हानं दगावलेल्या मुक्या जनावरांसाठी..."

पहिल्या रांगेतून उभी राहिले. "उन्हानं नाही. तुमच्या मळीनं."

दोन रांगांना ऐकू गेलं असेल. लगेच कुणीतरी गाणं लावलं, कर्णे फुटेस्तोवर. चेअरमन हसत हसत उतरला आणि जाताना माझ्या पाया पडला. सर्वांसमोर. पाय मागे घ्यायला वेळ मिळाला नाही. घरी येऊन पाय धुतले.

रवी: "आजच्या दिवशी?"

म्हटलं, दुसरा कोणता दिवस?

१६ एप्रिल, मंगळवार

बळीरामनं छावणीभर सांगितलं. माझ्या शब्दांनी जे झालं नाही ते त्याच्या शब्दांनी झालं: "म्या डोळ्यानं पाह्यलं, मेंदू पेटल्यावानी दिसत व्हता." लोकांनी डोणी उपड्या घालून ठेवल्यात. डाववाला बॅरलपाशी नुसता बसून.

मुकादमाचं उत्तर तयार होतं. ज्यांना मळी नको त्यांनी जनावरं घरी न्यावीत. काहींनी निमूट डोणी सरळ केल्या. घरी काडी नाही, त्यांना काय बोलणार.

सोजरबाईनं पाखऱ्याला सोडलं. घरापर्यंत चालवत आणलं, तो तिच्या खांद्याला नाक लावून चालत होता. बळीरामच्या छपरावरचा जुना कडबा काढलाय. काळा पडलाय, पण कडबा आहे.

१८ एप्रिल, गुरुवार

पिसाळी नाही, फोनवर कळलं. बाकी रिपोर्ट यायचाय.

पाखऱ्या खातो. रवंथ सुरू. उजव्या डोळ्याची पापणी बोटाला हलते असं मला वाटलं. सोजरबाई म्हणते नक्की हलते. डावीकडून गेलं की अजून भिंतीला धडकतो. बी-वन चालू ठेवते.

संध्याकाळी अनोळखी फोन. तेलगावकडची दुसरी छावणी, मळी ह्याच कारखान्याची. "मॅडम, आमच्या म्हशी येड्यावानी करायल्यात. एक तर भित्तीला डोकं लावून हुबी हाय."

खायला काय घालता, विचारलं.

"मळीच हाय. आदीपासून देतेत, पन परवाधरनं बॅरल वाढलेत. तुमच्याकडं कुनी घेईना म्हने."

म्हटलं, मळी आत्ता थांबवा. आणि जे जनावर जाईल ते ओढून टाकू नका, सावलीत ठेवा. मी सकाळी निघते.

पलीकडे कुजबुज. मग तोच आवाज, जरा लांबून, कुणाला तरी विचारून आल्यासारखा: "डोकं फोडायला येताव व्हय तुमी?"