आमची शेती, माझी चळवळ

३ जून, सकाळी ६.१५
आजपासून लवकर उठणार. शहराभोवतीची शेती वाचलीच पाहिजे. कुणी पुढे येत नाही म्हणून मी आलो. काल 'शेतजमीन बचाव समिती' स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिव बायको. तिला अजून कळवलेलं नाही.

३ जून, दुपारी
कळवलं. नाही म्हणाली.

८ जून
दादाच्या शेतावर गेलो. शहराची हद्द संपली की लगेच आहे. जमीन आम्हा दोघा भावांच्या नावावर. राबतात दादा आणि वहिनी, मी वैचारिक बाजू सांभाळतो. योजना मांडली: आमच्या सोसायटीतली चाळीस घरं दर शनिवारी थेट त्याच्याकडून भाजी घेणार. दलाल नको, सुपरमार्केट नको. दादा म्हणाला, चाळीस जणांना विचारलंस का? म्हटलं, ते माझ्यावर सोड. माझ्या शब्दावर त्याने यंदा दुप्पट फ्लॉवर लावायचं ठरवलं. वहिनी एक शब्द बोलली नाही. मूक पाठिंबा.

२१ जून
सहा घरं तयार. त्यांतलं एक आमचं. बाकीच्यांना जागृतीची गरज. पत्रक काढणार.

२ ऑगस्ट
पत्रक जवळजवळ तयार. घाई केली की भाषा बिघडते.
नियोजन कार्यालयाची नोटीस लागली आहे. दादाच्या शेताचा सगळा पट्टा शेतीतून काढून गोदामांना द्यायचा घाट आहे. जमीनमालकाने लेखी हरकत घेतली तरच सुनावणी. मुदत ३० सप्टेंबर, संध्याकाळी पाच. दादाचा फोन आला. म्हणाला, "लिहायचं तेवढं तू बघ. मला ते जमत नाही." म्हटलं, निर्धास्त राहा. दोन महिने आहेत की!

६ सप्टेंबर, शनिवार
चळवळीचा पहिला दिवस. सकाळी सातला वहिनी टेम्पोतून फ्लॉवर घेऊन फाटकाशी हजर. चार घरांनी घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना गड्ड्यात अळी सापडली. अळी म्हणजे विषमुक्त शेतीचं प्रमाणपत्र, यावर मी दहा मिनिटं बोललो. बाईंनी प्रमाणपत्र परत केलं.
मी स्वतः घेणारच होतो, पण फ्रिजमध्ये जागा नव्हती. काल सुपरमार्केटमधून चिरलेल्या भाज्यांचे डबे आणले होते. वहिनीने विचारलं, "भाऊजी, तुम्हाला किती देऊ?" म्हटलं, पुढच्या शनिवारी. तरी तिने दोन गड्डे हातात ठेवलेच.

१३ सप्टेंबर, शनिवार
दोन घरं. मी दिवसभर बाहेर होतो. काम निघालं.

२० सप्टेंबर, शनिवार
टेम्पो आला नाही. उभ्या फ्लॉवरावर दादाने ट्रॅक्टर फिरवला. म्हणाला, खत तरी होईल. त्याचा हा सकारात्मक दृष्टिकोन मला फार आवडतो.

२९ सप्टेंबर
हरकत पूर्ण. अकरा पानं. माणूस आणि माती या नात्यावरची प्रस्तावना बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, यात शेताचा गट नंबर कुठाय? रसिकता उपजतच असावी लागते. उद्या जेवून निवांत नेऊन देतो.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ५.४०
जेवणानंतर जरा डोळा लागला. पाच वाजून आठ मिनिटांनी पोचलो. खिडकी बंद. म्हटलं, अहो, अकरा पानं आहेत! आतून कारकून म्हणाला, "एक ओळ पुरली असती, पाचच्या आत." ही व्यवस्थाच शेतकऱ्याच्या मुळावर उठली आहे.

१ ऑक्टोबर
दादाला योग्य वेळ बघून सांगेन.

९ ऑक्टोबर
दादाला परस्पर कळलं. फोन आला. ओरडला असता तर माझी उत्तरं तयार होती. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "होणार नव्हतं तर सांगायचं होतंस. तुझ्या वहिनीने लिहिलं असतं." आणि फोन ठेवला. हल्ली लोकांना संवाद नको असतो.

१८ नोव्हेंबर
आजूबाजूच्यांनी विकायला काढलं. दादाचं पाणी त्यांच्याच शेतांतून यायचं, ते तुटलं. म्हणाला, चारी बाजूंनी गोदामं आणि मधे मी एकटा, किती दिवस तगणार? सहीला ये. गेलो. तत्त्वतः विरोध नोंदवला आणि सही केली. विरोध तोंडी, सह्या तीन ठिकाणी. वेळेच्या अर्धा तास आधीच पोचलो होतो. वहिनी बाहेर बाकावर बसून राहिली. आत बोलावलं तर म्हणाली, "नको भाऊजी. पायाला माती आहे."

१४ डिसेंबर
दादा-वहिनी आमच्याच सोसायटीत राहायला आले, पहिल्या मजल्यावर. आग्रह माझाच. शेवटी माणसं टिकली पाहिजेत, हाच समितीचा मूळ हेतू होता. पहाटे उठायची सवय जात नाही, म्हणून दादा साडेपाचपासून पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या घालतो. वॉचमनने दोनदा हटकलं.
आज नऊला आमच्याकडे आला. बस म्हटलं, बसला नाही. दारातूनच विचारलं, "इथे भाजी कुठे घेता रे तुम्ही?"
बायको आत निघून गेली.
मी रस्ता सांगितला. फाटकातून सरळ, मग डावीकडे.