पाहुण्यांना दाखवलेला गुरुवार

शुक्रवार, संध्याकाळ

कालचं अजून मनातून जात नाही. एका बड्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात की हैदराबादला, हे ठरवायला पाहुणे आले होते. त्यांना आमची चाकणची जागा दाखवायचं काम माझ्याकडे. दिवस मीच निवडला, गुरुवार. गुरुवारी भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे रस्ता मोकळा. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, पण पाहुण्यांना कुठून कळणार?

विमानतळापासून गाडी एकदाही अडकली नाही. त्यांच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "रोज असंच असतं?" मी म्हणालो, "आज गुरुवार आहे." यात खोटं काय बोललो? त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आज ऑफिसात आमचे मोठे साहेब म्हणाले, पाहुणे रस्त्यावर बेहद्द खूश आहेत, आपलं जवळजवळ नक्की. मी खाली येऊन आमच्या ड्रायव्हरना, चऱ्होलीच्या तापकीरमामांना, हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते काच पुसत होते, पुसतच राहिले.

"त्यांच्या हापिसाला कुठली आलीय गुरुवारची सुट्टी? एक दिवस रस्ता मोकळा मिळत हुता, साहेब. त्योबी तुम्ही देऊन बसला."