डावा पट्टा बसला, उजवा बाकी

हाउकिलम्पी, रविवार, १४ जून १९८७

हिल्कावहिनींना आर्मसचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तुर्कूच्या घराला लिफ्ट आहे म्हणे, जिना चढावा लागत नाही, हे चांगलंच. पण गुडघ्याला काही काम उरलं नाही की तो जास्त कुरकुरतो असं माझं मत आहे (डॉक्टरचं मत मी विचारलेलं नाही). मार्केत्ता, जावईबापू आणि नातवंडं मजेत असतील. इकडे मी ठीक. डास यंदा लवकर आले आणि तब्येतीनं उत्तम आहेत. दर शनिवारी तुमच्या घराच्या खिडक्या उघडतो, चुलीत चार लाकडं जाळतो, ती विझेपर्यंत तिथंच बसतो आणि कुलूप लावून येतो. घर कोरडं आहे, काळजी नसावी.

पत्रास कारण आपला बुलडोझर. एप्रिलमध्ये मार्केत्ताचा फोन आला होता, की घर विकायला काढायचंय तर अंगणातलं ते धूड आधी भंगारात घाला, त्यातला बाबांचा निम्मा हिस्सा आता आईचा आहे आणि आईची काही हरकत नाही. मी बरं म्हणालो. (फोनवर मी सगळ्यालाच बरं म्हणतो, हे तुम्ही जाणता.) फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, मेलेलं लोखंड देण्यापेक्षा चालतं यंत्र एखाद्या गिऱ्हाइकाला दिलं तर तुमचाच फायदा आहे. केवळ तेवढ्यासाठी मी हे सगळं अंगावर घेतलं, हे कृपया ध्यानात ठेवावं.

आता चालतं म्हणजे किती चालतं, तर आपला कौको गेल्यापासून चार वर्षांत, ज्यांवर ते चालतं त्या लोखंडी पट्ट्यांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. पिना झिजलेल्या, त्यांवरचे बुश झिजलेले, पट्ट्याची चेन ताणून ताणून अशी सैल पडलेली की वरच्या रोलरांच्या मधे दोरीवरच्या ओल्या चादरीसारखी लोंबायची. दातेरी चाकाचे दात इतके टोकदार झाले होते की त्यांनी मासा साफ करता आला असता. तशात मे महिन्यात मी तो अहतीच्या बटाट्याच्या शेताच्या कडेचा चर उपसायला नेला. (अहती म्हणजे तोच, पुलापलीकडचा, ज्यानं तुमच्या मार्केत्ताच्या लग्नात वराच्या बापाची पँट स्वतःची समजून घातली होती.) चराशी वळलो आणि डावी चेन निघून मागे चिखलात आडवी पडली. मी उतरून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. अहती आला, त्यानंही बघितलं आणि म्हणाला, ‘‘म्हातारीचा बूट निघाला.’’

कुहमोच्या बाजूला एकाच्या अशाच बुलडोझरचं इंजिन फुटलं होतं, त्याच्याकडून दोन्ही बाजूंच्या चेन आणि दातेरी चाकं मिळाली. जुनीच, पण फारशी न वापरलेली. आधी रोलरांखाली अडकलेली जुनी चेन उलगडायची म्हणजे तिची जोडपिन ठोकून बाहेर काढायची. अहतीचा पहिलाच घण माझ्या टोपीला चाटून गेला, तेव्हापासून घण माझ्याकडे आणि पिनेवर टेकवायचा लोखंडी दांडा लांब चिमट्यानं धरणं त्याच्याकडे, अशी वाटणी झाली. पिनेला गॅसनं लाल केलं, तेल पाजलं, शिव्या दिल्या. दोन दिवस ती जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हलली ती थेट अहतीच्या सौनाच्या खिडकीतून आत गेली. आत कोणी नव्हतं, एवढ्यावर अहतीच्या बायकोनं मला माफ केलं. अहतीला अजून केलेलं नाही.

पुढचं काम तुमच्या ओळखीचं आहे. यंत्राची बाजू जॅकवर उचलायची, नवी चेन खालून सरकवायची, तिचं टोक मागच्या दातेरी चाकावर चढवायचं, आणि मग कोणीतरी वर बसून ते चाक इंचाइंचानं फिरवायचं, म्हणजे चेन वरून पुढे ओढली जाते. खाली मी, वर अहती. थांब म्हणून मी हात वर केला. चेन पुढे येतच राहिली. मी दोन्ही हात वर केले. ती पुढच्या चाकावरून घरंगळली आणि अख्खीच्या अख्खी चरातल्या पाण्यात गेली. शिवाय त्या धक्क्यानं जॅक कलंडला आणि यंत्र उघड्या रोलरांवर बटाट्यांत बसलं. मी वेळेवर बाजूला उडी मारली म्हणून हे पत्र माझ्या अक्षरात आहे.

‘‘मी हात वर केला होता,’’ मी म्हणालो.

‘‘केलास ना. मला वाटलं, रस्त्यानं चाललेल्या कोणाला करतोयस.’’

‘‘आणि दोन्ही हात?’’

‘‘मला वाटलं, जवळचं कोणी असेल.’’

मी ओल्या वाफ्याच्या कडेला बसलो आणि मला हसू आलं, आणि मग वहिनी, हसू थांबल्यावर फार चमत्कारिक वाटलं. आपण तीनदा हे पट्टे बदलले. तिन्ही वेळा वर तुम्ही होतात, डोक्याला तो निळा रुमाल बांधून, आणि कौको एका बाजूनं घसा फाटेस्तोवर सूचना द्यायचा, आणि तुम्ही त्याला हो हो म्हणत माझ्या हाताकडे बघायचात. मी एक बोट उचललं की यंत्र बोटाएवढंच सरकायचं. कौकोला शेवटपर्यंत वाटत होतं की ते त्याच्या ओरडण्यानं चालतं. त्याला तसं वाटू दिलं हे बरंच केलं. फार सरळ माणूस होता, आणि मला त्याची आठवण रोज येते. पण आयुष्यात माझं म्हणणं न बोलता कोणाला कळलं असेल तर ते तेवढ्याच तीन उन्हाळ्यांत, हेही खरं आहे.

असो. फळ्या घालून आणि अहतीच्या ट्रॅक्टरनं ओढून यंत्र बाहेर काढलं, आणखी तीन दिवस गेले, पण डावा पट्टा बसला. उजवा अजून जुनाच आहे. त्यामुळे झालंय असं की झिजलेली चेन लांब, ती दर फेऱ्याला जरा जास्त पुढे जाते, आणि यंत्र आपलं डावीकडे ओढत राहतं. काल चर्चच्या रस्त्यानं सरळ न्यायला निघालो आणि तुमच्या फाटकाशी पोचलो. तिथं इंजिन बंद केलं आणि डबा उघडून राय धान्याची भाकरी खाल्ली. तुमच्या लायलॅकच्या झुडपाला कळ्या आल्या आहेत.

तेव्हा विनंती अशी, की उजव्या पट्ट्यासाठी वर बसायला जाणतं माणूस हवं, आणि असं माणूस या तालुक्यात नाही. अहतीवर पुन्हा जीव सोपवायची माझी तयारी नाही. तुम्ही चार दिवस आलात तर काम होईल, यंत्र विकलं जाईल, आणि मार्केत्ताचीही चिंता मिटेल. कळावे.

आपला,
आर्मस

ता. क. गिऱ्हाईक कोणी नाही. मी शोधलंही नाही. चालतं यंत्र कोणी भंगारात देत नाही आणि यंत्र अंगणात असेतो घर विकता येत नाही, एवढाच माझा हिशेब होता. मार्केत्ताला हे सांगितलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा, मंगळवार. पत्र टाकायचं राहिलं होतं. काल अहती स्वतःहून आला, आणि आम्ही उजवा पट्टा चार तासांत बसवला. मी हात वर केला की तो थांबत होता. बायकोनं रविवारभर त्याच्याकडून सराव करून घेतला होता म्हणे. यंत्र आता सरळ चालतं. म्हणजे वर मी लिहिलेली अडचण आता नाही, आणि पत्र फाडून नवीन लिहावं तर तेवढं धैर्य पुन्हा गोळा होईलसं वाटत नाही, म्हणून हेच पाठवतो.

तुम्ही या. काम काहीच नाही.