मागच्या खोलीसह माझे सर्व

मी, चिंधा नवल महाजन, वय वर्षे ७४, धंदा पुस्तकबांधणी व जुन्या पुस्तकांची विक्री, राहणार जुने जळगाव, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. वकील हितेंद्र म्हणाले, ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असे लिहावे लागते. ते मला लिहिता येत नाही. दबाव आहे, नऊ वर्षांपासून आहे. कोणाचा, ते कलम पाचमध्ये येईल. ते कलम लिहायला मी तीन वेळा बसलो आणि तीन वेळा उठलो, म्हणून आधी सोपी कलमे उरकतो.

कलम १. जुन्या जळगावातील माझे घर, वरचा मजला आणि खालच्या दुकानाच्या गाळ्यासह, माझी एकुलती मुलगी दिपमाला हिला मिळावे. ती भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते आणि जावईबापू रिटायर झाले की तिला छप्पर लागेल. बँकेत जे असेल तेही तिचेच. तिची आई भिकुबाई असती तर म्हणाली असती, पोरीला पुस्तकांशिवाय काहीतरी दिलंत हे बरं झालं. दुकान जोवर चालू आहे तोवर दिपमालाने गाळा रिकामा करून मागू नये, आणि मागच्या खोलीला खिडकी पाडून घ्यावी. हे काम माझ्या तेराव्याच्या आधी व्हावे. तेराव्याला लाडू नसले तरी चालतील.

कलम २. माझा पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभण, सुया, हाडाची पट्टी, दोन्ही कात्र्या आणि खळीचे पातेले कुंदाबाईला द्यावे. ती बावीस वर्षे माझ्यासमोर बसून पाने शिवते आहे. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ जातो, हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही. इथे लिहितो.

कलम ३. वरच्या मजल्यावरची ४१२ पुस्तके मी कधी विकायला काढली नाहीत. मी चौथी शिकलेला माणूस. पुढचे शिक्षण माझ्या गावी, पहूरला, चंपालालच्या बापाच्या किराणा दुकानात झाले. तिथे पुड्या बांधायला रद्दी यायची. मी हळद आणायला जायचो आणि पुडीचा कागद वाचत घरी यायचो. गोष्ट अर्धी राहिली की परत जायचो. चंपालाल माझ्याच वयाचा. तो पुढची पाने शोधून काढून ठेवायचा आणि म्हणायचा, “चिंध्या, उद्या मीठ न्यायला ये, शेवट मिठाच्या पुडीत आहे.” आमची दोस्ती अशी झाली.

ही पुस्तके पहूर गावाला द्यावीत, बिनकुलपाच्या कपाटात. सन १९६९ मध्ये जळगावच्या एका वाचनालयात मी सभासद व्हायला गेलो होतो. तिथले चिटणीस म्हणाले, “चौथी पास? इथं काय, चित्रं बघायला येणार?” ते गृहस्थ वारले. त्यांच्या घरची सगळी पुस्तके पुढे आमच्याच दुकानात आली. निम्म्यांची जोडलेली पाने कापलेलीही नव्हती, म्हणजे ती कोणी वाचलीच नव्हती. मी ती एकेक करून कापली. राग तिथेच संपला असे वाटत होते, पण लिहिताना कळते की संपलेला नाही.

प्राध्यापक नीलेश यांनी सन २००८ मध्ये तीन भागांच्या पुस्तकाचा दुसरा भाग ‘दोन दिवसांसाठी’ नेला. पहिला आणि तिसरा भाग त्यांच्या घरी पोहोचता करावा. तिन्ही भाग शेजारी शेजारी दिसू देत, रोज.

कलम ४. ‘दुसरा वाचक’ हे जुन्या पुस्तकांचे दुकान सन १९९९ मध्ये आम्ही तिघांनी माझ्या गाळ्यात उघडले. मी, चंपालाल आणि प्रेमराज. प्रेमराज मूळचा धुळ्याचा, इथे एका डाळ मिलमध्ये गोडाऊन सांभाळायचा. पोत्यांवर बसून वाचणारा माणूस. दुकानाचा नियम एकच होता, पुस्तकावरचे पहिल्या वाचकाचे नाव फाडायचे नाही. माझा एक-तृतीयांश हिस्सा चंपालालची नात आयुषी हिला द्यावा. तिच्या आजोबांचा हिस्सा तिच्याकडे आहेच. ती कॉलेजातून सरळ दुकानात येते आणि मागच्या खोलीत बसून वाचते. आजोबांच्या जुडग्यातली किल्ली तिने मागून घेतली आहे.

कलम ५. आता लिहितो.

चंपालाल जैन होता. पुस्तकात कसर दिसली की तो मऊ ब्रशने ती कागदावर घ्यायचा आणि बाहेर भिंतीच्या कडेला सोडून यायचा. प्रेमराज हसायचा, “शेटजी, तिले रिक्षा करी द्या, चालत कितली जाई!” दुकानात औषध मारायचे नाही, ही चंपालालची अट होती. आम्ही ती मान्य केली होती.

सन २०१६ च्या पावसाळ्यात धुळ्याहून एका वारलेल्या मास्तरांची पुस्तके टेम्पोने आली. अकरा पोती. त्यातून कीड आली ती मागच्या खोलीतल्या चाळीस पेट्यांत शिरली. पाने चाळणीसारखी झाली. तेवढ्यात जैनांचे आठ दिवसांचे पर्युषण लागले. चंपालालने त्या वर्षी अठाई केली, म्हणजे आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेले पाणी. त्याला करायची नव्हती, शुगर होती. त्याच्या बायकोने, पानबाई वहिनींनी, आग्रह धरला. आठ दिवस दुकानात येणार नाही, असे तो सांगून गेला.

प्रेमराज मला म्हणाला, “चिंधाभाऊ, बठ्ठं सडी जाई. तो येत नही तवलोंग टाकी देऊत.” त्याने गोडाऊनमधून धान्यात ठेवतात त्या गोळ्या आणल्या. त्यांचा वायू होतो. पोत्यांवर ताडपत्री टाकून ठेवतात आणि माणसांना लांब ठेवतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. मला त्याने सांगितलेही. संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही गोळ्या ठेवल्या. दाराच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या मी चिकटवल्या. खळ मीच शिजवली होती. मी म्हणालो, पाटी लावू. तो म्हणाला, पाटी लावली तर चंपालालला कळेल. मी पाटी लावली नाही.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी जैन माणूस सगळ्यांची माफी मागतो. चंपालाल पारणे करण्याआधी, म्हणजे उपवास सोडण्याआधी, आमची माफी मागायला सकाळी सकाळी दुकानात आला. आम्ही आलेलो नव्हतो. त्याने स्वतःच्या किल्लीने दुकान उघडले. आम्ही येईपर्यंत मागच्या खोलीत सामायिक करावी, असे त्याच्या मनात आले असावे. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे एका जागी बसायचे, मधे उठायचे नाही.

पट्ट्या पाहून तो थांबला कसा नाही, हे मी नऊ वर्षे स्वतःला विचारतो आहे, आणि उत्तर मला ठाऊक आहे. दर पावसाळ्यात ओल येऊ नये म्हणून मी त्याच दाराला पट्ट्या लावायचो. त्या वायूला लसणासारखा वास येतो. त्या खोलीत बसून मी रोज लसणाची चटणी आणि भाकरी खायचो. चंपालाल नाकाला रुमाल लावून म्हणायचा, “चिंध्या, आता पुस्तकांनाही तुझा ढेकर येतो.” त्या दिवशी तो माझाच वास समजला असणार. त्याने पट्ट्या कापल्या, आत गेला, दार ओढून घेतले आणि बसला. गरगरले असेल तेव्हा उपवासाने गरगरते आहे असे वाटले असेल. उठायचे नव्हते, म्हणून तो उठला नाही.

मी नऊ वाजता पोहोचलो. तो भिंतीला टेकून एका कुशीवर कलला होता. तोंडावर सामायिकेची मुखपट्टी तशीच होती. मी त्याला ओढून बाहेर आणले आणि ओरडलो. प्रेमराज आला. त्याने आधी चंपालालची नाडी पाहिली आणि मग केरसुणी घेतली. गोळ्यांची राखाडी भुकटी झाडून त्याने पिशवीत भरली. मी ओल्या फडक्याने पट्ट्यांचे तुकडे पुसून काढले. डॉक्टर आले तेव्हा दार स्वच्छ होते. डॉक्टरांनी विचारले, “काही खाल्लं-प्यालं होतं?” गल्लीतले चार जण एकदम म्हणाले, “आठ दिवसांचा उपास होता हो.” डॉक्टरांनी मान हलवली. मी तिथेच उभा होतो. बोलायला जागा होती.

त्याच दिवशी स्मशानातून परतताना प्रेमराजने मला दिपमालाची शपथ घातली. “तोंड उघडस तर तुन्ही पोरले लागी.” मी घेतली.

तेव्हापासून चंपालालच्या घरात आणि गल्लीत एकच बोलणे आहे, बायकोने हट्टाने अठाई करवली आणि नवरा गेला. तिच्या मुलाने एकदा चारचौघांत तसे म्हटले. दरवर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पानबाई वहिनी माझ्या दारी येतात आणि हात जोडून म्हणतात, “मिच्छामि दुक्कडं, चिंधाभाऊ. तुमचा दोस्त मी नेला.” मी म्हणतो, “तसं नका म्हणू, वहिनी.” एवढेच म्हणतो. आठ वेळा एवढेच म्हणालो आहे.

कलम ६. हे सारे मी मेल्यावर वाचले जावे, असा माझा बेत होता. भित्र्या माणसाला मृत्युपत्र फार सोयीचे पडते. पण गेल्या रविवारी दोन गोष्टी झाल्या.

सकाळी आयुषी म्हणाली, “आबा, यंदा मी अठाई करणारे. आजी नाही म्हणते, पण करणार. आणि शेवटी आजोबांसारखीच सामायिक मागच्या खोलीत करेन. तुम्ही मात्र तेव्हा चटणी खायची नाही हां!” ती हसत होती. माझ्या हातातली सुई खाली पडली.

संध्याकाळी प्रेमराज आला. पेट्यांत पुन्हा भुगा पडतो आहे, हे मीही पाहिले होते. त्याने मागच्या फळीवर एक नवा डबा ठेवला. मी ओळखला.

“पोर आठ दिन येवाव नही,” तो म्हणाला. “तवय टाकी देऊत.”

मी म्हणालो, “प्रेमराज, तुला काहीच आठवत नाही का?”

“आठवस. म्हनीसन तर कोनले सांगानं नही.”

“ती शेवटच्या दिवशी तिथेच बसणार आहे.”

“मंग दार लावी घे. आन शपथ ध्यानमा ठेव.”

डबा मी उचलून वकिलांच्या ताब्यात दिला आहे. प्रेमराज म्हणतो, गोडाऊनात ढीग आहे. कुलूप मी बदलू शकतो, पण का बदलले असे आयुषीने विचारले तर मला पुन्हा खोटे बोलावे लागेल, आणि हट्टी पोरगी दुसरी किल्ली करून घेईल. आजोबांवर गेली आहे. त्या खोलीत काय झाले हे कळल्याशिवाय ती तिथे जायची थांबणार नाही. पर्युषण आठ-दहा दिवसांवर आले आहे. मी कधी मरेन याची वाट पाहायला आता वेळ नाही.

म्हणून प्रेमराजला मी काही देत नाही. त्याने घातलेली शपथ मात्र आज मोडतो. दिपमाला, घाबरू नकोस. तुझ्या बापाने तुझी शपथ घेऊन चूक झाकली, ते पाप माझ्याकडेच राहील. माणूस वायूने मरतो, शपथेने नाही. तरी हे वाचल्यावर तुला साधी शिंक आली तरी माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही, हेही खरे.

या कलमांमुळे पोलिसांनी बोलावले तर मी जाईन. मी नसेन तर दिपमालाने हा कागद त्यांच्या हाती द्यावा.

कलम ७. साक्षीदारांबद्दल. वकील हितेंद्र म्हणाले, “नाना, मृत्युपत्रात कबुलीजबाब लिहायचा नसतो. कोणाला काय द्यायचं एवढंच लिहायचं.” मी म्हणालो, तेच देतो आहे. मग ते म्हणाले, साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायची गरज नसते, त्याने फक्त तुम्हाला सही करताना पाहायचे. आणि ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. हे ऐकून मी पानबाई वहिनींच्या नावाने लिहिलेले एक कलम खोडले आणि त्यांना साक्षीला बोलावले. आज दुपारी चार वाजता वहिनी आल्या की हा कागद पहिल्या ओळीपासून मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे आणि मगच सही करणार आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच हाताने.

वाचून झाले. कलम पाचला मी थांबलो तेव्हा वकील पुढे वाचू लागले. वहिनी म्हणाल्या, “त्यांना वाचू द्या.” मी वाचले.

वहिनींनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, “त्या दिवशी मी मुगाचं पाणी गरम करून बसले होते. पारणं करवायला. नऊ वर्षं मी कुणाला पारणं करवलं नाही. माझ्या हाताचं कुणी घेऊ नये म्हणून मीच मागे सरते, चिंधाभाऊ. सुनेला सांगते, तू कर.”

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, “आज नको. माफी मागायची असेल तर यंदा तुम्ही या माझ्या दारी. मी काय म्हणेन ते आज सांगत नाही.”

मग त्यांनी वकिलांना विचारले, “सही कुठं करायची?” मी आधी केली, त्यांनी पाहिली आणि मग स्वतःची केली. उठताना म्हणाल्या, “आयुषीला मी सांगते. प्रेमराजकडेही मीच जाते, वकीलसाहेबांना घेऊन. तुम्ही घरी बसा.” दारापर्यंत जाऊन थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, “पोरीचं पारणं मी करवीन.”

त्यांनी मला माफ केले, असे कोणी समजू नये.

ठिकाण: जळगाव
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

मृत्युपत्र करणार: चिंधा नवल महाजन (सही)

साक्षीदार:
१. हितेंद्र, वकील, जळगाव (सही)
२. पानबाई चंपालाल, मूळ पहूर, हल्ली जळगाव. मजकूर पूर्ण ऐकून (सही)