शिवूच्या पायाचे पाव फेरे

११ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून फिरवायला सुरुवात. लेकीचा, शिवूचा, डावा पाय जन्मापासून आखूड, आता आठव्या वर्षी चार सेंटिमीटरचा फरक. गेल्या आठवड्यात ऑपरेशन. नडगीचं हाड मुद्दाम कापलं, बाहेरून रिंगांची फ्रेम, हाडातून आरपार तारांनी धरलेली. मधे चार दांड्या, प्रत्येकीला एक नट. दिवसातून चार वेळा पाव फेरा, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. फट वाढत जाते आणि तिच्यात नवं हाड भरतं म्हणे. कुठून येतं ते विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले, शरीराला वाटतं जखम अजून भरायची आहे. वीस वर्षं जॉबर म्हणून यंत्रमाग दुरुस्त करतोय, पण स्वतःच स्वतःचा भाग बनवणारं यंत्र बघितलं नाही.
नट उलटा फिरवायचा. सुलटा फिरवला की पाय मागं येतो. डॉक्टरांनी तीनदा माझ्याकडून करून घेतलं. मी जॉबर आहे म्हटल्यावर चौथ्यांदाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी सात, संध्याकाळी पाच, रात्री जेवणानंतर : मी. दुपारी बारा : बायको, महादेवी, मी कारखान्यात असतो म्हणून. नटांवर लाल रंगाचा ठिपका दिला, किती फिरला ते कळायला, मागाला देतो तसा.
शिवूला दुसरं काही सुचत नाही. वहीत फ्रेमचं चित्र काढलंय, दांड्यांना नंबर. नवं हाड जुन्यासारखंच पांढरं असेल का, विचारते. मलाही माहीत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तारांभोवतीची सफाई जमली. गुडघ्याच्या व्यायामाला मात्र फार रडली. महादेवीनं धरलं, मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला ते बघवत नाही. लाज वाटते म्हणून लिहून ठेवतोय.

२९ नोव्हेंबर, शनिवार
एक्स-रे. अठरा दिवस झाले, फट अठरा मिलिमीटर हवी. जेमतेम साडेतेरा. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचं हाड घाईचं असतं. फट हळू वाढली तर मधेच जुळून धरतं, मग परत कापावं लागेल. मग विचारलं, घरी फिरवतं कोण?
घरी आल्यावर महादेवीला म्हणालो, दुपारचा फेरा तूच चुकवत असशील, भाकऱ्यांच्या ऑर्डरीच्या नादात. शिवूसमोर म्हणालो. ती म्हणाली, "तव्यावरची कडक भाकरी करपू देते, पर बाराचा फेरा चुकवत न्हाय मी." मी विश्वास ठेवला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
मीच.
जेवणानंतर चारी नट फिरवले, पाना खाली ठेवणार तेवढ्यात शिवूनं मनगट धरलं. "अप्पा, परत मागं का आणलं?" म्हटलं, कुठं आणलं? तिनं लाल ठिपका दाखवला. फेऱ्याआधी होता तिथंच होता.
पाळी संपताना, माग दुसऱ्याच्या ताब्यात देण्याआधी, प्रत्येक नटाला एकदा पाना लावून कसायचं. सुलटं. वीस वर्षांची सवय. दिवसाचं शेवटचं काम म्हटलं की हात आपोआप जातो. रोज रात्रीचा पाव फेरा मी पुढं नेला आणि मीच मागं आणला, आणि मला पत्ता नाही. शिवू म्हणाली, "रोजच करता की. मला वाटलं तसंच असतंय."
महादेवीची माफी मागितली. म्हणाली, "माझी काय मागताय. तिच्या पायाची मागा."

१ डिसेंबर, सोमवार
डॉक्टरांना फोनवर सगळं खरं सांगितलं. म्हणाले, रोज चारच पाव फेरे, नीट. शनिवारी एक्स-रे. फट वाढली असेल तर पुढं जाऊ, नाहीतर ऑपरेशन.
आज पाळी सुटताना मुद्दाम स्वतःच्या हाताकडं बघत राहिलो. मी सांगायच्या आधीच पाना नटावर. इतकी वर्षं माग कोण दुरुस्त करतंय, मी का हा हात?

३ डिसेंबर, बुधवार
सकाळी नट जड लागला. हाड धरलं, की मांस ताणलंय? डॉक्टर म्हणाले, दोन्हींनी जड लागतो, बाहेरून कळत नाही. माग असता तर खोलून बघितला असता. फार भीती वाटते. आणि तरी बघावंसंही वाटतं, आत नेमकं काय चाललंय ते.
महादेवी बोलते. कामापुरतं.

५ डिसेंबर, शुक्रवार
जेवणानंतरचा फेरा आजपासून शिवूचा. डॉक्टरांना विचारून. महादेवी शेजारी बसली ठिपके बघत, मी दोन्ही हात मांडीखाली दाबून. शिवूनं जीभ दातात धरून एकेक नट फिरवला. चौथ्यानंतर थांबली.
"हललं."
कुठं, विचारलं. नडगीवर, मधल्या रिंगेच्या खाली बोट ठेवलं. "हितं. आत."
दुखलं का गं?
"न्हाय. गप बसा की जरा. आणि हलतंय का बघू दे."
आम्ही दोघं गप्प बसलो. हललं म्हणजे हाड अजून धरलं नसावं. महादेवीनं माझ्याकडं बघितलं, शनिवारनंतर पहिल्यांदा. शिवूनं बोट तिथंच ठेवलं होतं.
उद्या नऊला एक्स-रे.