वहीतली वीस मिनिटं

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू तुझ्या बाबांचं विचारलंस आणि मी बरं चाललंय म्हणून विषय बदलला, कारण ते समोरच बसले होते. खरं म्हणजे माझा जीव टांगणीला लागलाय. सोमवारी दवाखान्यात त्यांची चालण्याची चाचणी आहे. सहा मिनिटांत किती अंतर जातात ते मोजणार. या खेपेलाही वाढलं नाही, तर या फुप्फुसांना व्यायामाचा उपयोग नाही असं धरून दवाखान्यातल्या व्यायामाच्या वर्गातली त्यांची जागा दुसऱ्या कुणाला देणार आहेत.

वर्ग म्हणजे एक लांब खोली, भिंतीशी खुर्च्या, जागच्या जागी फिरणारी सायकल आणि वजनं म्हणून पाण्याच्या बाटल्या. जन्मभर लाकूड तासलं, आता बाटल्या उचलायच्या, म्हणून पहिल्या दिवशी बाबा फुरंगटले होते. पण शेजारी एक बेकरीवाले असतात, त्यांच्याहून एक फेरी जास्त मारायची म्हणून हे चेकाळायचे. वर्गाच्या बाई दर फेरीनंतर विचारतात, शून्य ते दहामध्ये दम किती लागला. तीन-चार म्हणजे छान, त्याच्या वर गेला तर थांबायचं. दम लागला म्हणजे घात नव्हे, असं त्या सांगतात. दमाच्या भीतीनं माणूस बसतो, बसला की पायातली ताकद जाते, आणि मग दम आणखी लवकर लागतो. मी नंदीबैलासारखी मान डोलवत होते.

घरी रोज वीस मिनिटं चालायचं होतं, दारापासून गॅलरीपर्यंत आणि परत. त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून घड्याळ आणि वही माझ्याकडे. पहिल्याच दिवशी सातव्या मिनिटाला त्यांचे खांदे वर जायला लागले, तोंड उघडं पडलं, आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मी खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, झाली वीस. दम लागलेल्या माणसाला वेळ लांबच वाटतो, त्यांनी विश्वास ठेवला. वहीत मी वीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी सात, एकदा तर पाचच. वहीत मात्र आठ आठवडे रोज वीस.

गेल्या खेपेला बाईंनी वही दोनदा चाळली. मग डॉक्टर बाबांना हळू आवाजात म्हणाले, तुम्ही इतके प्रामाणिकपणे कष्ट केलेत, तरी अंतर वाढत नाहीये. मी तिथेच बसले होते. चोराच्या मनात चांदणं, मी पर्समध्ये उगीच काहीतरी शोधत राहिले. तेव्हापासून बाबा चालतच नाहीत. काल त्यांनी रंधे आणि पटाशा पुसून कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला देऊन टाकल्या, आणि घराची कागदपत्रं कुठल्या कप्प्यात आहेत ते मला दाखवून ठेवलं. माणूस आवराआवर करतोय, ठमे, आणि ती माझ्यामुळे करतोय.

सांगायला रोज तोंड उघडते आणि चहा ठेवू का विचारते. ते रागावतील याची भीती नाही, आयुष्यभर रागावलेच आहेत. भीती ही, की खरं कळलं तर ते हट्टानं खरोखरच वीस मिनिटं चालतील आणि माझ्यासमोर कोसळतील.

तुझ्या लहानपणीही मी हेच केलं. तुझी छाती वाजायची, पण डॉक्टरांनी तुला खुशाल पळू द्या म्हटलं होतं. तरी मी दरवर्षी शाळेत चिठ्ठी दिली, हिला खेळायला घेऊ नका म्हणून. मोठेपणी तुला ते कळलं तेव्हा तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. आता रोज पोहतेस. मी मात्र शिकले नाही. म्हणून शनिवारी ये. बाबांना मी स्वतः सांगणार आहे, तू फक्त शेजारी बस. सोमवारी बाईंपुढेही वही मीच ठेवेन, खरे आकडे घालून. पण ते चालायला उठले की घड्याळ तू घे. दम किती लागला ते त्यांनाच विचार, माझ्यासारखी त्यांच्या खांद्यांकडे बघू नकोस. आणि मला बाहेर काढून आतून कडी लाव. मी कितीही बेल वाजवली, तरी त्यांचं चालून होईपर्यंत दार उघडू नकोस.

तुझीच घाबरट
आई