चिमीचा सुजलेला गाल

४ मार्च

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी मिळाली. चिमी मजेत आहे, रविवारी येऊ नकोस, एवढंच त्यात. मजेत आहे, तर मी का यायचं नाही?

तुमच्या शेजारच्या शिंपीणबाई काल आमच्या कपड्यांच्या कारखान्यात भेटल्या. पोरीचा गाल कशाने सुजला, म्हणून विचारत होत्या. मी शिवत होते ती कॉलर मशीनखाली तशीच राहिली.

माझी लेक हट्टी आहे, मान्य. पण तुमचा हात चटकन उठतो, हे तुमचे भाऊच हसत सांगतात. कारखान्यातल्या दिवस-रात्र पाळ्यांमुळे पोर तुमच्याकडे ठेवली, मारायला नाही. रविवारी मी येणारच.

लोभ उरला असेल तर खरं लिहावं.

तुमची भावजय

७ मार्च

चि. सौ. भावजयीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी संताप आला. मग ओसरला, कारण मीही तेच केलं होतं. गाल पाहून तडक शाळेत गेले आणि हिला मारलंत का, म्हणून बाईंना वर्गासमोर फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुसरा गालही फुगला. गालगुंड!

डॉक्टर म्हणाले, कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजल्यात. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ताप, ठणका यापुरतं पॅरासिटामॉल, तेही वजनाच्या हिशोबाने. ॲस्पिरिन मुळीच नाही. मऊ खाणं, भरपूर पाणी, आंबट बंद, गालावर गार फडकं. सूज आल्यापासून पाच दिवस शाळा नाही. मान आखडली, उलट्या झाल्या किंवा डोकं फार दुखलं, तर लगेच दवाखाना.

आता तुझं. तुला दिवस गेलेत आणि गालगुंड कधी झालेलं नाही, हे तुझ्या आईंकडून कळलं. डॉक्टरांनी तुला लांबच ठेवायला सांगितलं. आजाराचं नाव लिहिलं असतं, तर तू धावत आली असतीस. विश्वास नसेल तर ये, पण खिडकीबाहेरूनच बघ.

राग निवळल्यावर दोन ओळी धाडाव्यात.

तुझी नणंद

१० मार्च

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

काल आले होते. खरं सांगते, तुमचं पत्र वाचूनही मनातली शंका गेली नव्हती. चिमी काचेपाशी आली. दोन्ही गाल टम्म. मला बघून हसली आणि दुखलं म्हणून लगेच गाल धरले. पुन्हा हसली. तुम्ही मागे पेजेची वाटी घेऊन उभ्या होतात. तिने मान न वळवताच तोंड उघडलं. मारणाऱ्या माणसापुढे पोर असं तोंड उघडत नाही.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. पण वन्सं, एवढं वाईट लिहिलं मी, आणि तुम्ही खिडकीबाहेर माझ्यासाठी उशी घालून खुर्ची मांडून ठेवली होतीत.

मी बसले नाही. कोणत्या तोंडाने बसणार होते?

पुढच्या वेळी ‘बस’ म्हणावं, एवढाच लोभ असावा.

तुमची भावजय